अखाजीच्या आठवड्यातला समूहगान महोत्सव: एका जुन्या पेठेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

खानदेशातल्या एका जुन्या बाजारपेठेच्या गावात उन्हाळ्यात तीन दिवसांचा समूहगान महोत्सव झाला. त्याची ही हकीकत. गावाचं नाव इथे देत नाही आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. समितीने मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं, त्यामुळे मी बैठकांना हजर होतो आणि तिन्ही दिवस गावात होतो.

ही पेठ कापसावर वाढली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला एकाएकी भाव आला. मागोमाग रेल्वे आली, जिन (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) आणि प्रेस (कापसाच्या गाठी बांधणारे) आले. अडतदारांच्या पेढ्या, सागवानी खांबांचे दुमजली वाडे आणि फरसबंद चौक अशा गावांमधून उभे राहिले, त्यांतलंच हे एक. जिन आता बंद आहेत. चौकाभोवती कापड, भांडी आणि सोन्याची दुकानं आहेत, आणि लग्नसराईत तिथे मोटरसायकल उभी करायलाही जागा मिळत नाही.

एकत्र गाणं या भागाला नवं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी सुरू होतात. एका बाजूच्या बायका ओळ टाकतात, दुसऱ्या बाजूच्या ती उचलतात. वहीगायन या इथल्या लोकगायनाच्या पथकांत पुढचा गायक कडी म्हणतो आणि मागचे झील धरतात, म्हणजे ती ओळ उचलून पुन्हा म्हणतात. श्रावणात कानबाई या देवीची गाणी असतात, वर्षभर भजनी मंडळं असतात. याच्या जोडीला शाळेतलं समूहगीत आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. १९४१ साली राष्ट्र सेवा दल स्थापन झालं, त्याच्या कलापथकांनी गावोगाव समूहगीतं नेली, आणि रांगेत उभं राहून एका सुरात प्रार्थना म्हणण्याची सवय या मुलखात तीन पिढ्या टिकली. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक (त्यांना सगळे सर म्हणतात), याच सवयीतून आलेले. संगीतकार वसंत देसाईंनी शाळकरी मुलांकडून मोठ्या संख्येने एकत्र गाऊन घेतलं होतं, कोलकात्यात १९५८ पासून युथ क्वायर हा गायकवृंद उभा राहिला, मग आपल्याकडे समूहगानाचा महोत्सव का असू नये, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता, आणि मी हो म्हणालो ते त्याचमुळे.

मूळ बेत

अखाजीनंतरचे शुक्रवार, शनिवार आणि रविवार. संध्याकाळी सात ते दहा. पेठेच्या चौकात मोठं व्यासपीठ. दहा-बारा वृंद: दोन शाळांचे, एक महाविद्यालयाचा, जिल्ह्याच्या ठिकाणचं बायकांचं सुगम संगीत मंडळ, नवापूरच्या बाजूने आलेला चर्चमधल्या गायकांचा वृंद, एक वहीगायन पथक आणि काही भजनी मंडळं. शेवटच्या रात्री सगळ्यांनी मिळून एक गीत म्हणायचं.

पैसा मुख्यतः एका पतसंस्थेकडून येणार होता आणि त्यांची अट स्पर्धेची होती: फिरता चषक, तीन बक्षिसं, बाहेरचे परीक्षक. स्पर्धा म्हटली की नियम आले. प्रत्येक वृंदाला सात मिनिटं, किमान बारा गायक, एक गीत मराठी, साथीला पेटी-तबला. हे नियम शाळांच्या वृंदांसाठी बरोबर होते. वहीवाल्यांची एक कडी रंगायलाच सात मिनिटं लागतात. चर्चच्या वृंदाला पेटी नको होती, त्यांची सगळी गंमत चार आवाज वेगवेगळे चालवण्यात. आणि गौराई गाणाऱ्या बायका तर यादीतच नव्हत्या. त्यांना पहिल्या संध्याकाळी ‘स्वागतगीत’ म्हणून दहा मिनिटं दिली होती, व्यासपीठाच्या खाली, पाहुणे स्थानापन्न होईपर्यंत.

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे आहे, पुढे घडलेल्या गोंधळात नव्हे. ज्या गावात अखाजीच्या आठवड्यात गल्लोगल्ली समूहगान चालू असतं, तिथे समूहगानाच्या महोत्सवात त्या बायका पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या ठरल्या. कुणी हे मुद्दाम केलं नाही. समूहगान म्हणजे गणवेश, रांग आणि पेटी, असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून होतं आणि बेत त्या चित्राप्रमाणे आखला गेला.

पहिली संध्याकाळ

त्या दिवशी पारा चव्वेचाळिसाच्या पुढे होता. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात हे नेहमीचं. दगडी फरशी आणि पत्र्याच्या पडव्या दिवसभर तापतात आणि रात्री नऊपर्यंत ऊन ओकत राहतात. आवाज तपासायला म्हणून शाळेच्या मुलांना पाच वाजता बोलावलं होतं. व्यासपीठावर काळं कापड अंथरलेलं, वर हिरवी जाळी, वारा नाही. सातवीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तिला शेजारच्या सराफाच्या दुकानात नेलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, अर्ध्या तासात ती सावरली. तिची आई मात्र तिला घरी घेऊन गेली आणि ते योग्यच केलं.

दुसरी अडचण ध्वनिक्षेपकाची. लग्नाची तिथी दाट असल्यामुळे जिल्ह्यातले चांगले साउंडवाले आधीच गुंतले होते. जो मिळाला त्याचा हात ऑर्केस्ट्रा आणि वरातीवर बसलेला. त्याने व्यासपीठाच्या कडेला हातात धरायचे सहा माइक उभे केले. असा माइक तोंडाजवळ धरला तरच नीट पकडतो. तिसऱ्या रांगेतला आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याने आवाज वाढवला, म्हणून शिट्टी वाजू लागली, म्हणून त्याने उंच सुरांचा आवाज कापला आणि सगळे वृंद गोणपाटाआडून गात असल्यासारखे ऐकू येऊ लागले. ज्या सहा जणांसमोर माइक होते त्यांचे सहा सुटे आवाज चौकात फिरत होते. बाकीचे वीस-पंचवीस नुसते ओठ हलवताना दिसत होते. वृंदगानासाठी दूरवरून पकडणारे दोन-तीन संवेदनशील माइक वर टांगतात, पण ते मोकळ्या बाजारचौकात सगळा बाजारही पकडतात. म्हणजे त्या जागेला बरा उपाय नव्हताच.

पावणेनऊला वरात आली. चौकातून जाण्याचा तिचा रस्ता ठरलेला, मुहूर्त ठरलेला, डीजे ठरलेला. चर्चचा वृंद त्या वेळी गात होता. त्यांच्या प्रमुखाने हात खाली घेतला, वृंद थांबला, आणि वरात पुढे सरकेपर्यंत ते सगळे व्यासपीठावर शांतपणे उभे राहिले. पुन्हा सुरू केलं तेव्हा खालचे सूर हरवले होते. दहा वाजता पोलीस आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस शासन बारापर्यंत सूट देतं, पण हा त्यांतला दिवस नव्हता. दोन वृंद गायचे राहिले.

कापडवाल्यांची तक्रार वेगळीच होती. लग्नाच्या खरेदीचा हंगाम, आणि मांडवाने त्यांच्या दुकानांची तोंडं अडवलेली. महोत्सवाला वर्गणी देणारेच सगळ्यात जास्त रागावले होते.

रात्रीची बैठक आणि समोरचे पर्याय

साडेअकराला सरांच्या घरी गच्चीवर बैठक बसली. पर्याय चार निघाले.

पहिला, आहे तसंच चालू ठेवायचं, फक्त साउंडवाला बदलायचा. शनिवारी गावात किती वराती आहेत, हे बँडवाल्याला फोन करून विचारलं. उत्तर आलं आणि हा पर्याय संपला. (हा फोन महिनाभर आधी झाला असता, तर शुक्रवारही वाचला असता.)

दुसरा, मंगल कार्यालय. आसपासच्या सगळ्या कार्यालयांत लग्नं होती.

तिसरा, जुन्या जिनचं गोदाम. सावली भरपूर, जागा भरपूर, मालक तयार. तरुणांना ही कल्पना फार आवडली. पण वर पत्रा, आत सरकीची धूळ, आणि एकच दार. टाळी वाजवली तर तिचा नाद बराच वेळ घुमत राहतो. अशा घुमणाऱ्या जागेत संथ आलाप सुंदर वाटतो, पण शब्द एकमेकांत मिसळून जातात. एकच दार असलेल्या, धूळ साचलेल्या गोदामात शे-दोनशे माणसं बसवणं मला धोक्याचं वाटलं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

चौथा पर्याय आप्पांनी मांडला. आप्पा म्हणजे पेठेतले जुने अडतदार. त्यांचा वाडा चौकापासून दोन गल्ल्या आत. ते म्हणाले, “सर, माझ्या वाड्याचा चौक रिकामाच आहे. सकाळी सहाला या. आठपर्यंत ऊन आत उतरत नाही. माइक लागणार नाही, याची जबाबदारी माझी.”

यावर दीड तास चर्चा चालली. विरोधातले मुद्दे खरे होते. वाड्यात दीडशेच्या वर माणसं बसत नाहीत, म्हणजे चौकात आलेल्या गर्दीतले बहुतेक लोक बाहेर राहणार. पतसंस्थेचे फलक लावायला जागा नाही. परीक्षक सकाळी सहाला येतील का, ही शंका. आणि पहाटेचा कार्यक्रम म्हणजे भक्तिसंगीत, लोक तेच समजणार, असं एक सदस्य म्हणाले. एकाने राममंदिराचा सभामंडप सुचवला, तो वाड्यापेक्षा मोठा आहे. इथे सर पहिल्यांदा ठामपणे बोलले. वेगवेगळ्या धर्मांचे गायक येणार आहेत, त्यांना जागेत शिरताना विचार करावा लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मंदिराचा विषय तिथेच थांबला.

मग स्पर्धेचा प्रश्न आला. शुक्रवारी दोन वृंद गायलेच नव्हते, एकाचं गाणं वरातीने मोडलं होतं. अशा अवस्थेत गुण देणं अन्यायाचं, हे सगळ्यांना पटत होतं, पण चषक रद्द केला तर पतसंस्थेचा दुसरा हप्ता अडकणार. खजिनदार एक आकडा सांगत होते आणि तो लहान नव्हता. शेवटी मत घेतलं. स्पर्धा रद्द, चषक सगळ्या वृंदांच्या नावाने गावच्या वाचनालयात ठेवायचा, दोन्ही दिवस सकाळी सहा ते आठ वाड्यात गाणं. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. बहुमत इतकं निसटतं होतं हे नोंदवून ठेवतो, कारण नंतर सगळेच ‘आमचं तर आधीपासून हेच म्हणणं होतं’ असं सांगू लागले.

पट्टीचा प्रश्न

ही बाजू मी जरा सविस्तर सांगणार आहे. मिश्र वृंद बांधणाऱ्या प्रत्येकाला ती भेडसावते आणि आपल्याकडे तिच्याविषयी फार कमी लिहिलं जातं.

सगळ्यांनी मिळून म्हणायचं गीत संगीत शिकवणाऱ्या बाईंनी काळी एक पट्टीत बसवलं होतं, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा षड्ज (सा). पुरुषांना ती सोयीची. बायकांची सोय साधारण काळी चारच्या आसपास, म्हणजे पुरुषांच्या पंचमावर (प वर). काळी एकमध्ये बायका पुरुषांच्याच सप्तकात गायल्या तर ध्रुवपद इतकं खाली जातं की आवाजच उमटत नाही. वरच्या सप्तकात गेल्या तर अंतऱ्यात तार षड्जावर (वरच्या सा वर) किंचाळल्यासारखं होतं. दोघांना ‘मधली’ म्हणून पांढरी तीन किंवा चार दिली, तर पुरुषांचा अंतरा ताणला जातो आणि बायकांचं ध्रुवपद तरीही बसत नाही. तालमीत नेमकं हेच होत होतं आणि उपाय म्हणून बाई बायकांना ‘मोकळं गा’ असं सांगत होत्या. गळ्यापलीकडची पट्टी मोकळं गाऊन येत नाही.

शनिवारी पहाटे, वाड्यात लोक जमायच्या आधी, बाई, चर्चच्या वृंदाचे प्रमुख आणि मी असे बसलो. प्रमुखांनी एक साधी गोष्ट दाखवली. तंबोरा काळी एकच्या सा-प वर लावला, तर त्यातला प म्हणजेच काळी चार. पुरुषांनी पहिली, प ची तार विसरून बाकीच्या तारा ऐकायच्या, त्यांचा षड्ज तिथे आहे. बायकांनी त्याच तंबोऱ्यातला प आपला षड्ज धरायचा. मग पुरुषांचा षड्ज हा बायकांचा मध्यम (म) होतो. एकच तंबोरा दोघांना पुरतो. फक्त एकाच वेळी सगळ्यांनी एकच चाल म्हणायची नाही. ध्रुवपद पुरुषांनी टाकायचं, बायकांनी तेच आपल्या षड्जावरून उचलायचं. बाई क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आमच्या गौराईसारखंच झालं की.”

तेव्हाच गौराईवाल्या बायका आल्या. त्यांच्या म्होरक्या आक्का, साठीच्या पुढच्या. बाईंनी पेटी पुढे ओढली आणि आक्कांना काळी चारचा सूर दिला. आक्कांनी तो ऐकला, मान हलवली आणि आपल्या सुरात पहिली ओळ टाकली. बाकीच्या बायकांनी उचलली. सूर पक्का होता, जरासुद्धा हलत नव्हता, पण तो काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या बरोबर मध्ये पडत होता. त्या जागी पेटीला पट्टीच नाही. बाईंनी दोनदा प्रयत्न केला, एकदा वरून, एकदा खालून. आक्का थांबल्या आणि म्हणाल्या, “पेटीले आमना मांगे येऊ द्या, भाऊ.”

पेटी मागे येऊ शकत नव्हती. तिचे सूर पत्तीत कापून ठेवलेले असतात. तंबोरा येऊ शकत होता. महाविद्यालयातल्या एका मुलाने फोनवरचा तंबोरा उघडला, त्यातली बारीक सुराची खूण सरकवत सरकवत आक्कांच्या षड्जाला आणून लावली. पुरुषांचा षड्ज आपोआप पांढरी एकच्या किंचित खाली आला. पुरुषांना त्याने काही फरक पडला नाही, उलट अंतरा हलका झाला. पेटी बंद करून कोपऱ्यात ठेवली. तबलाही बाजूला राहिला. कोरड्या उन्हाळ्यात तो सारखा चढतो आणि त्याला ठोकत बसावं लागतं. वहीवाल्यांचा डफ आला, त्याला पट्टीचं बंधन नाही.

बाईंना हे सोपं गेलं नाही. वर्षानुवर्षं ज्या वाद्यावर हात ठेवून शिकवलं ते बाजूला सारायचं, तेही विद्यार्थ्यांसमोर. त्यांनी ते केलं. या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय कोणता असं मला विचारलं, तर मी हाच सांगेन.

वाड्यातल्या दोन सकाळी

आप्पांचा वाडा म्हणजे चारी बाजूंनी ओसरी, मध्ये मोकळा चौक, वर गॅलरी. मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळया. त्यामुळे आवाज परत येतो पण घुमत नाही. गायक चौकात, श्रोते ओसरीवर आणि वर गॅलरीत. मे महिन्यात या भागात सहाच्या आत उजाडतं. साडेसहाला शाळेची मुलं गायली तेव्हा शेवटच्या रांगेतल्या मुलाचे शब्दही गॅलरीत कळत होते. शुक्रवारी घरी नेलेली मुलगी आईबरोबर आली होती आणि गायली.

चर्चच्या वृंदाने शुक्रवारी मोडलेलं गीत पुन्हा घेतलं. चार आवाज वेगवेगळ्या वाटांनी जाऊन शेवटी एकत्र येतात, ते या गावातल्या बहुतेकांनी समोरासमोर पहिल्यांदाच ऐकलं असावं. भजनी मंडळातले एक काका मला म्हणाले, “खालचा आवाज धरणाऱ्यांचंच खरं काम आहे हो, आपल्याकडे त्याला कोणी विचारत नाही.” त्यांनी मागच्या मागे खालचा षड्ज धरून पाहिलाही.

वहीवाल्यांना वेळेची मर्यादा नव्हती, ते अर्धा तास गायले. रविवारी शेवटी एकत्र गीत झालं. साने गुरुजींची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती म्हणून तीच घेतली, पुरुषांकडून बायकांकडे, तिथून मुलांकडे, अशी फिरती. ती फार संथ झाली आणि दुसऱ्या कडव्यात मुलं अर्धा सूर उतरली. तंबोरा सोबत असतानाही उतरली, कारण फोनचा आवाज चौकाच्या दुसऱ्या टोकाला पोचत नव्हता. लाकडी तंबोरे दोन असते तर फरक पडला असता.

जे बिघडलं ते

गौराईच्या गाण्यांत झोक्याची, माहेरची, कैरीची गाणी असतात, तशीच नदीकाठी बायका-बायकांत म्हणायची चावट गाणीही असतात. एका काठावरच्या बायका दुसऱ्या काठावरच्यांना गाण्यातून शिव्या देतात, ही जुनी रीत आहे. ती गाणी पुरुषांसमोर म्हणत नाहीत. वाड्यात काय म्हणायचं हे आक्का आणि त्यांच्या बायकांनी नीट निवडलं होतं. पण शनिवारी कार्यक्रम संपल्यावर मागच्या परसात, चहा पिताना, त्यांनी आपसात दोन चावट गाणी म्हटली आणि कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं. दुपारपर्यंत ते गावच्या व्हॉट्सॲप गटांवर होतं. एका सुनेच्या सासरी फोन गेला. रविवारी सहा बायका आल्या नाहीत.

समितीने त्याच संध्याकाळी गटांवर निवेदन टाकलं, चित्रफीत काढायला लावली. सर स्वतः आक्कांच्या घरी गेले, दोन सदस्य त्या सासरी जाऊन आले. पण फोनमधून फोनमध्ये गेलेली गोष्ट परत येत नाही. चित्रीकरणाचा नियम आधी ठरायला हवा होता आणि तो फक्त व्यासपीठापुरता नव्हे, परसापर्यंत लागू असायला हवा होता. सगळ्या बेतात या एका गोष्टीला नुकसानभरपाई नाही. माझ्या नजरेत शुक्रवारच्या साउंडपेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पतसंस्थेने दुसरा हप्ता दिला नाही, मांडववाल्याची बाकी काही महिन्यांनी वर्गणीतून फेडली. बाहेरच्या वृंदांना मानधन आणि प्रवासखर्च मिळाला, गौराईवाल्या बायकांना ओटी आणि साडी. त्यांच्यापैकी एकीने बाईंना विचारलं, “ताई, आम्ही पण गायलोच ना?” यावर समितीकडे उत्तर नव्हतं.

निकाल आणि पुढच्या वर्षीचा आराखडा

श्रोते शुक्रवारी चौकात बरेच होते, वाड्यात मोजकेच. हे अपयश आहे असं समितीतले काही जण आजही मानतात आणि त्यांचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. पेठेतल्या हमालांनी, दुकानांतल्या पोरांनी शुक्रवारी उभं राहून गाणं ऐकलं होतं, ते पहाटे वाड्यात आले नाहीत. वाड्याच्या उंबऱ्याला अजूनही वजन आहे. आप्पांनी कुणाला अडवलं नसतं, पण आत यावं की नाही असा विचार करून दारातून परत गेलेली माणसं मी पाहिली. यावर एक सूचना अशी आली आहे की दुसरी सकाळ बंद पडलेल्या जुन्या शाळेच्या चौकात घ्यावी. तोही चारी बाजूंनी बंदिस्त आहे आणि तिथे कुणालाही संकोच वाटणार नाही. मला ही सूचना योग्य वाटते.

वेगळं काय करता आलं असतं, यावर समितीची बैठक पावसाळ्यात झाली. त्यातल्या तीन-चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. तारीख ठरवण्याआधी पंचांग आणि बँडवाला, दोघांनाही विचारायचं. मुलांना दुपारी अकरा ते सहा या वेळेत कुठल्याही तालमीला बोलवायचं नाही, आणि जागेवर ताक व पन्हं असल्याशिवाय तालीम सुरूच करायची नाही. बेत आखायला बसतानाच आक्कांसारख्या दोन बायका समितीत हव्यात. ती बैठक चैत्रात, गौराई बसण्याच्या सुमारास घ्यायची, म्हणजे त्यांची गाणी आधीच चालू असतात आणि काय म्हणायचं, काय नाही, हे त्याच ठरवतात. आणि मानधन सगळ्यांना सारखं. खजिनदारांनी यावर हरकत घेतली, ती नोंदली गेली, पण ठराव झाला.

तारखेचा वाद मिटलेला नाही. एका गटाला महोत्सव श्रावणात, कानबाईच्या सुमारास हवा आहे: ऊन नाही, लग्नं नाहीत. आक्कांचा याला विरोध आहे. श्रावणात लेकी सासरी असतात, अखाजीलाच त्या माहेरी येतात, आणि ज्या गाणार आहेत त्याच गावात नसतील तर थंड हवा घेऊन करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. आक्का आता समितीच्या सदस्य आहेत. पुढची बैठक दिवाळीनंतर, त्यांच्याच ओट्यावर ठरली आहे.